जुनी हेरपटमालिका, नवा नायक: नव्याने सुरुवात कशी करावी

एखादी हेरपटमालिका अनेक दशके चालली आणि तिचा नायक बदलायची वेळ आली, की सर्वांचे लक्ष एकाच प्रश्नावर खिळते: आता कोण? प्रेक्षकांनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारणे स्वाभाविक आहे. निर्माता, लेखक आणि दिग्दर्शक यांनी मात्र तो बराच उशिरा हाती घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण चेहरा आधी ठरला की कथा त्या चेहऱ्याच्या मापाने बेतली जाते आणि मालिकेला नवी सुरुवात मुळात कशासाठी हवी होती, हे ठरवायचे राहूनच जाते.

जेम्स बॉण्डच्या मूळ मालिकेत १९६२ ते २०२१ या काळात सहा नट आणि पंचवीस चित्रपट झाले. नायक बदलण्याचे जवळजवळ सर्व मार्ग या मालिकेने वापरून पाहिले. त्यांतले काही साधले, काही फसले. म्हणून पुढील पायऱ्या सांगताना मी मुख्यतः तिचीच उदाहरणे घेतली आहेत, आणि त्यांतही २००६ च्या 'कॅसिनो रोयाल'चा आधार सर्वाधिक घेतला आहे. ज्यांनी हे चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांनी लक्षात घ्यावे, की विवेचनाच्या ओघात त्यांचे शेवटही सांगितले आहेत.

पहिली पायरी: हक्कांची कागदपत्रे

जुन्या मालिकेचे सर्व हक्क एकाच कपाटात क्वचितच सापडतात. मूळ कादंबऱ्यांचे चित्रपटहक्क, आधीच्या चित्रपटांसाठी नव्याने निर्माण केलेली पात्रे, पार्श्वसंगीत आणि नावाचे व्यापारचिन्ह ही चार खाती स्वतंत्रपणे तपासावी लागतात. पटकथेचे पहिले पान लिहिण्याआधी हे काम पूर्ण झालेले असावे.

इयान फ्लेमिंग यांची पहिली बॉण्ड कादंबरी 'कॅसिनो रोयाल' १९५३ साली प्रसिद्ध झाली आणि तिचे चित्रपटहक्क त्याच दशकात विकले गेले. त्यामुळे अल्बर्ट ब्रॉकोली आणि हॅरी सॉल्ट्झमन यांनी १९६१ मध्ये बॉण्डपट काढणाऱ्या ईऑन प्रॉडक्शन्सची स्थापना केली, तेव्हा नायकाची पहिली कथाच त्यांच्या हाती नव्हती. १९६७ मध्ये दुसऱ्या निर्मात्याने तिचे विडंबन करून टाकले. १९९९ मध्ये एमजीएम आणि सोनी या चित्रपटकंपन्यांमधला वाद तडजोडीने मिटला, तेव्हा कुठे ती कथा मालिकेच्या मालकांकडे आली. २००६ मध्ये नायकाची सुरुवात सांगणे शक्य झाले, त्याच्या मुळाशी हा कागद होता. याउलट ब्लोफेल्ड हा खलनायक आणि त्याची 'स्पेक्टर' ही संघटना निर्माते केव्हिन मॅक्लोरी यांच्याशी चाललेल्या दीर्घ वादात अडकून पडली होती. ते हक्क २०१३ मध्ये सुटले आणि २०१५ च्या चित्रपटात, आधीच्या तीन चित्रपटांतल्या सर्व संकटांमागे हाच माणूस होता, असे मागाहून सांगण्यात आले. ते ठिगळ मला आजही खटकते. मुख्य शत्रू वापरता येणार की नाही, हे पहिल्या दिवशी माहीत असेल तर असे ठिगळ लावावे लागत नाही.

आपल्याकडील वाचकांसाठी एक बाब महत्त्वाची आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. फ्लेमिंग १९६४ मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या कादंबऱ्या येथे १ जानेवारी २०२५ पासून हक्कमुक्त झाल्या आहेत. ब्रिटनमध्ये ही मुदत सत्तर वर्षांची आहे, म्हणजे तेथे २०३४ अखेरपर्यंत हक्क कायम आहेत. शिवाय बंदुकीच्या नळीतून दिसणारे सुरुवातीचे दृश्य, प्रसिद्ध पार्श्वधून आणि व्यापारचिन्हे यांचा कादंबऱ्यांच्या मुदतीशी संबंध नाही. म्हणून हक्क मोकळे झाल्याची बातमी वाचून मुंबईत कोणी उत्साहाने पटकथा लिहायला घेणार असेल, तर त्याने आधी या क्षेत्रातल्या वकिलाला गाठावे.

दुसरी पायरी: सुरुवात कोणत्या जातीची, हे एका वाक्यात लिहा

नायक बदलण्याचे प्रकार अनेक आहेत आणि प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत. त्यांची सरमिसळ झाली की प्रेक्षक गोंधळतो.

माणूस तोच, चेहरा तेवढा नवा, हा पहिला प्रकार. १९६९ मध्ये शॉन कॉनरी यांच्या जागी जॉर्ज लेझनबी आले, तेव्हा निर्मात्यांनी हा तोच नायक आहे हे ठसवण्यासाठी जिवाचा आटापिटा केला. नामावलीत जुन्या चित्रपटांतली दृश्ये झळकली. राजीनामा द्यायला निघालेला नायक टेबलाचा खण उघडतो, तर त्यातून आधीच्या मोहिमांतल्या वस्तू निघतात. परिणाम असा झाला, की नव्या नटाकडे पाहताना दर काही मिनिटांनी जुना आठवत राहिला. तो चित्रपट मला मनापासून आवडतो, त्याचा शेवट तर या मालिकेतला सर्वांत धाडसी शेवट आहे. पण नव्या माणसाला उभे करण्याची ही पद्धत नव्हे. १९७३ मध्ये रॉजर मूर आले तेव्हा निर्माते शहाणे झाले होते. मूर यांनी पहिल्या चित्रपटात व्होडका मार्टिनी मागितलीच नाही, ते बर्बन प्यायले. सिगारेटऐवजी त्यांच्या हाती सिगार आली. उपकरणे देणारा क्यू त्या चित्रपटात नव्हताच. तुलना जिथे जिथे होऊ शकली असती, तिथले खुंटेच काढून टाकले गेले.

दुसरा प्रकार म्हणजे नायक जुन्या घडणीचा ठेवून त्याच्याभोवतीचे जग बदलणे. १९८९ नंतर कज्जेदलालीमुळे मालिका सहा वर्षे बंद पडली आणि तेवढ्यात शीतयुद्धही संपले. १९९५ च्या 'गोल्डनआय'ने ही अडचण झाकण्याऐवजी कथेत घेतली. पीअर्स ब्रॉस्नन यांच्या नायकाला त्याची नवी वरिष्ठ, म्हणजे जूडी डेंच यांची एम, तोंडावर सांगते की तो शीतयुद्धाचा उरलेला अवशेष आहे. प्रेक्षकांच्या मनातला आक्षेप कथेतल्याच एका पात्राने बोलून दाखवला, की पुढचे दोन तास त्याचे उत्तर देण्यासाठी मोकळे मिळतात.

तिसरा प्रकार शून्यापासून सुरुवात करण्याचा, म्हणजे ज्याला आज सरसकट रीबूट म्हणतात तो. २००६ मध्ये डॅनिएल क्रेग यांना घेऊन हे केले गेले, आणि ते कधी केले गेले हे विसरू नये. २००२ चा आधीचा चित्रपट त्या वेळेपर्यंत मालिकेतला सर्वाधिक कमाईचा, सुमारे ४३ कोटी डॉलरचा होता. तरीही अदृश्य मोटार आणि बर्फाचा महाल दाखवून झाल्यावर त्या वाटेने पुढे जायला जागा उरलेली नाही, हे निर्मात्यांना कळले. चालू गाडी थांबवण्याचा तो निर्णय होता. नव्या सुरुवातीने सुमारे ६० कोटी डॉलर मिळवले.

नायक वेगळा ठेवून नाव तेवढे चालवणे हाही एक प्रकार आहे, पण तो धोक्याचा आहे. बॉर्न या हेरपटमालिकेने २०१२ मध्ये दुसरा नायक घेऊन तसा प्रयत्न केला आणि २०१६ मध्ये मूळ नट मॅट डेमन यांनाच परत आणावे लागले. जॅक रायन या पडद्यावरच्या अमेरिकी हेराचे उदाहरण आणखी बोलके आहे: २००२ मध्ये बेन ॲफ्लेक आणि २०१४ मध्ये क्रिस पाइन यांना घेऊन त्याची नवी सुरुवात दोनदा झाली, आणि दोन्ही वेळा दुसरा भाग आलाच नाही. सुरुवातीची गोष्ट वारंवार सांगितली की तिची किंमत उतरते. २००६ मध्ये बॉण्डला माणसे मारण्याचा परवाना कसा मिळाला, हे इतके नेटके सांगून झाले आहे, की पुढच्या नायकाने ती गोष्ट पुन्हा सांगू नये, असे मला ठामपणे वाटते. २०२१ च्या चित्रपटात नायकाचा मृत्यू दाखवल्यामुळे नवी कालरेषा घ्यावीच लागेल. पण नवी कालरेषा घेणे आणि उमेदवारीचे दिवस दाखवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नोकरीत चार-पाच वर्षे झालेला, हातात कसब आलेला पण अजून बेफिकीर असलेला माणूस हा सुरुवातीसाठी चांगला मुक्काम आहे.

प्रकार ठरला की तो एका वाक्यात लिहावा आणि लेखकापासून वेशभूषाकारापर्यंत सर्वांना द्यावा. 'हा माणूस पूर्वी कधी पडद्यावर आलेला नाही' किंवा 'हा तोच माणूस आहे, पण जग त्याला कंटाळले आहे', इतके ते वाक्य साधे असावे.

तिसरी पायरी: सवयींची यादी आणि प्रत्येक सवयीचा निवाडा

माझ्या मते हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे आणि त्याला हवा तेवढा वेळ द्यावा. दीर्घ मालिकेत नायकाच्या स्वभावापेक्षा त्याच्या सवयीच जास्त साठतात: ठरलेले वाक्य, ठरलेले पेय, मोटार, पोशाख, धून, कार्यालयातली चेष्टामस्करी, मोहिमेआधी हाती पडणारी उपकरणे. सर्व जुने चित्रपट ओळीने पाहावेत आणि अशा प्रत्येक गोष्टीची नोंद करावी. प्रत्येक नोंदीपुढे ती प्रथम का आली, हे लिहावे आणि मग चारपैकी एक निर्णय घ्यावा: काढून टाकणे, पुढे ढकलणे, उलटवणे किंवा आहे तशी ठेवणे. निर्णय न घेता राहिलेली सवय हमखास जुन्या पद्धतीनेच पटकथेत शिरते.

२००६ च्या पटकथेवर नील पर्विस, रॉबर्ट वेड आणि पॉल हॅगिस यांनी काम केले. तिच्यात हा निवाडा कसा झाला ते जवळून पाहण्यासारखे आहे. चित्रपट कृष्णधवल प्रागमध्ये उघडतो. शून्य-शून्य हा दर्जा, म्हणजेच मारण्याचा परवाना, मिळवण्यासाठी दोन माणसे मारावी लागतात. त्यांतला पहिला खून स्वच्छतागृहात होतो, आणि तो इतका ओढाताणीचा, धापा टाकायला लावणारा आहे, की पाहणाऱ्यालाच दमायला होते. दुसरा मात्र कार्यालयातल्या खुर्चीत बसल्या बसल्या, बोलता बोलता उरकला जातो. या दोहोंतले अंतर म्हणजेच नायकाची घडण, आणि ती सांगायला एकही स्पष्टीकरणाचे वाक्य लागलेले नाही. मग मेला असे वाटलेला पहिला माणूस पिस्तूल उचलतो, नायक गर्रकन वळून गोळी झाडतो आणि ती प्रसिद्ध बंदुकीची नळी तेथे प्रथमच दिसते. चव्वेचाळीस वर्षे चित्रपटाच्या आधी लागणारे बोधचिन्ह कथेतली घटना होऊन आले.

पुढे हीच रीत चालते. जुनी ॲस्टन मार्टिन मोटार नायकाला कार्यालयाकडून मिळत नाही, तो ती बहामात पत्त्यांच्या डावात जिंकतो. त्याआधी तो साधी फोर्ड चालवताना दिसतो. रात्रीच्या मेजवानीचा काळा कोट त्याला मोहिमेतली सहकारी व्हेस्पर आणून देते. तिने त्याचे माप नुसत्या नजरेने घेतलेले असते, आणि तो घालून आरशासमोर उभा राहिलेला नायक स्वतःकडे जरा नवलाने पाहतो. त्याच्या ऐटीचे मूळ अशा रीतीने एका स्त्रीच्या नजरेत ठेवल्यामुळे तिच्या विश्वासघाताचा घाव दुप्पट बसतो. पेयाची सवय उलटवली आहे: मोठी रक्कम हरून आलेल्या नायकाला मार्टिनी हलवून देऊ की ढवळून, असे विचारले जाते आणि तो वैतागून म्हणतो, की त्याचे आपल्याला काही पडलेले नाही. क्यू आणि एमची सचिव मनीपेनी ही पात्रे काढून टाकली गेली. ती थेट २०१२ च्या 'स्कायफॉल'मध्ये, नव्या वयाची आणि नव्या तोऱ्याची होऊन परतली. स्वतःची ओळख करून देण्याचे जगप्रसिद्ध वाक्य पूर्ण चित्रपटभर राखून ठेवले आहे. कोमो सरोवराकाठी, शत्रूच्या पायात गोळी घातल्यावर, शेवटच्या क्षणी ते येते, आणि संगीतकार डेव्हिड अर्नोल्ड यांनी तोवर अडवून धरलेली मूळ धून तेव्हा कुठे मोकळेपणाने वाजते. प्रेक्षक जे फुकट मिळेल असे समजून आला होता, ते त्याला कमावून मिळाले.

यादीत एखादी गोष्ट मात्र मुद्दाम तशीच ठेवावी. २००६ मध्ये जूडी डेंच यांची एम कायम ठेवली गेली. तर्काच्या दृष्टीने हे विसंगत आहे, कारण तीच एम आधीच्या नायकाचीही वरिष्ठ होती. तरीही कोणाची तक्रार ऐकू आली नाही. सगळे घर नवे असताना एक ओळखीचा आवाज कानी पडला, की प्रेक्षक बाकीचे बदल सहज स्वीकारतो. अशी गोष्ट एकच असावी. तीन-चार ठेवल्या की नवेपणाच संपतो.

चौथी पायरी: काळ, शत्रू आणि नायकाचे अज्ञान

शत्रू निवडताना वर्तमानपत्रातले मथळे घेऊ नयेत, मथळ्यांमागचा व्यवहार घ्यावा. 'कॅसिनो रोयाल'चा ल शिफ्र हा दहशतवाद्यांचा पैसा सांभाळणारा सावकार आहे. विमान कंपनीचे समभाग कोसळतील यावर तो दुसऱ्यांचा पैसा लावतो, नायक त्याचा कट उधळतो, आणि बुडालेला पैसा परत मिळवायला त्याला जुगाराच्या टेबलावर बसावे लागते. १९५३ च्या कादंबरीतला बॅकराचा डाव येथे टेक्सस होल्डेम पोकर झाला, कारण त्या काळी जगभर तो खेळ लोकांच्या परिचयाचा होता. सांगाडा तोच राहिला, व्यवहार मात्र त्या काळचा झाला.

याच टप्प्यावर नायकाविषयी दोन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत: त्याला अजून काय कळलेले नाही, आणि ते कळण्याची किंमत कोण चुकवणार? ज्या नायकाला सर्व काही आधीच कळते, त्याच्या गोष्टीला सुरुवात नसते.

कथेतल्या ठिकाणांचाही विचार येथेच व्हावा. १९८३ चा 'ऑक्टोपसी' उदयपूरमध्ये चित्रित झाला आणि त्यात कबीर बेदी व विजय अमृतराज होते. तरी रिक्षाच्या पाठलागात काट्यांची शय्या, निखारे आणि तलवार गिळणारा माणूस असे सगळे हजर आहे. परदेशी बाजाराची अशी चित्रे आज चालत नाहीत, आणि चालू नयेत. नायकाला तेथे काम काय आहे आणि तेथल्या माणसांना त्या कथेत स्वतःचे हेतू आहेत का, एवढे तपासले की पाटी-पोस्टरातला देश मागे पडतो.

पाचवी पायरी: दिग्दर्शक

नव्या नटाची पहिली कसोटी पार पाडायला मालिकेची शिस्त जाणणारा, पण तिच्या प्रेमात आंधळा न झालेला दिग्दर्शक लागतो. १९९५ आणि २००६ या दोन्ही नव्या सुरुवाती मार्टिन कॅम्पबेल यांनी केल्या, हा योगायोग नाही. २०२५ मध्ये बॉण्ड मालिकेची सर्जनशील सूत्रे ॲमेझॉन एमजीएमकडे गेल्यावर आधी एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन हे निर्माते, मग डेनी व्हिलनव्ह हे दिग्दर्शक आणि त्यानंतर स्टीव्हन नाइट हे लेखक जाहीर झाले. नटाचे नाव या सर्वांच्या आधी आले नाही. हा क्रम मला योग्य वाटतो.

सहावी पायरी: आता नट

येथवर आल्यावर नट शोधणे पुष्कळ सोपे होते, कारण काय शोधायचे ते आता माहीत असते. चाचणीसाठी प्रत्येक उमेदवाराला एकच दृश्य द्यावे. बॉण्डच्या निर्मात्यांनी वर्षानुवर्षे १९६३ च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मधले हॉटेलच्या खोलीतले दृश्य वापरले आहे. नायक खोलीत परततो, कोणीतरी आत असल्याची चाहूल लागते, पिस्तूल उचलून तो आत जातो आणि पलंगावर एक अनोळखी स्त्री दिसते. काही मिनिटांत नटाला सावधपणा, धोका, विनोद आणि आकर्षण यांतून जावे लागते, आणि हातातले पिस्तूल खाली कसे ठेवतो यावरूनही बरेच कळते. आपल्या मालिकेसाठीही असे एक दृश्य निवडावे, ज्यात हिंसा आणि लाघव एकमेकांना चिकटून आहेत. नुसते मारामारीचे किंवा नुसते प्रेमाचे दृश्य देऊन काहीच समजत नाही.

वयाचा हिशेब कागदावर मांडावा. रॉजर मूर पंचेचाळिसाव्या वर्षी आले आणि सत्तावन्नाव्या वर्षी गेले; बारा वर्षांत त्यांचे सात चित्रपट झाले. डॅनिएल क्रेग यांची निवड सदतिसाव्या वर्षी झाली, पण त्यांचे पाचच चित्रपट पूर्ण व्हायला २००६ ते २०२१ अशी पंधरा वर्षे लागली. आजच्या वेगाने चाळिशीपुढचा नट घेणे म्हणजे तिसऱ्याच चित्रपटात धावण्याची दृश्ये छाटणे होय. फार कोवळा नटही चालत नाही: २००६ साठी हेन्री कॅव्हिल यांची चाचणी झाली होती, पण तेव्हा ते जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचे होते.

करार दोन्ही बाजूंनी तपासावेत. १९८६ मध्ये ब्रॉस्नन यांची निवड ठरत आली होती, पण त्यांच्या बंद पडलेल्या दूरचित्रवाणी मालिकेचे हक्क वाहिनीकडे शिल्लक होते. बॉण्डच्या चर्चेने त्यांचे नाव गाजू लागताच वाहिनीने ती मालिका पुन्हा सुरू केली आणि भूमिका टिमथी डाल्टन यांच्याकडे गेली. लेझनबी यांनी तर आपला पहिलाच चित्रपट प्रदर्शित होण्याआधी पुढे काम करणार नसल्याचे जाहीर केले, आणि निर्मात्यांना कॉनरी यांना साडेबारा लाख डॉलर देऊन परत बोलवावे लागले. म्हणून घोषणेच्या आधी किमान तीन चित्रपटांचा करार सहीसह हाती असावा, आणि उमेदवाराला आयुष्याची पुढची दहा वर्षे खरोखर द्यायची आहेत का, हे त्याच्याशी निवांत बसून बोलावे.

सातवी पायरी: साहसदृश्यांतून स्वभाव

नव्या नायकाचा पहिला मोठा पाठलाग हा त्याचा परिचय असतो. मादागास्करमध्ये घडणारा, प्रत्यक्षात बहामात चित्रित झालेला 'कॅसिनो रोयाल'मधला पाठलाग या दृष्टीने नमुनेदार आहे. पळणारा माणूस म्हणजे सेबास्तियान फुकाँ हे पार्कूरचे, म्हणजे भिंती-कठडे ओलांडत धावण्याच्या कसरतीचे, नामवंत कलावंत. बांधकामावरच्या एका भिंतीच्या वरच्या अंगाला अरुंद फट आहे. तो उडी मारून त्या फटीतून माशासारखा सुळकन पलीकडे जातो. मागून येणारा नायक त्या फटीकडे बघतही नाही. तो भिंतच फोडून धुळीसकट बाहेर येतो. एका सेकंदात कळते, की या माणसाकडे चपळाई कमी, हट्ट अफाट, आणि नुकसानीची फिकीर अजिबात नाही. पुढे एम त्याला ज्या उद्धटपणाबद्दल झापते, तो आपण आधीच डोळ्यांनी पाहिलेला असतो.

म्हणून साहसदृश्यांच्या दिग्दर्शकाशी पहिली बैठक कथेवर व्हावी, उंची आणि स्फोट यांवर नंतर. शेजारच्या यशस्वी मालिकेची शैली उसनी घेण्याचा मोहही टाळावा. २००८ च्या 'क्वांटम ऑफ सोलेस'मध्ये बॉर्न चित्रपटांसारखे भराभर तुकडे जोडलेले पाठलाग आले, आणि कोण कोणाला मारतो आहे हेच अनेक ठिकाणी कळेनासे झाले.

आठवी पायरी: घोषणा, विरोध आणि मौन

१४ ऑक्टोबर २००५ रोजी क्रेग यांना लंडनमध्ये थेम्स नदीतून लष्करी वेगनौकेने पत्रकारांसमोर आणले गेले. सुरक्षेच्या नियमामुळे त्यांच्या सुटावर जीवरक्षक जाकीट होते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत त्या जाकिटाची आणि त्यांच्या सोनेरी केसांची टवाळी झाली. बहिष्काराची मोहीम उघडणारे संकेतस्थळही निघाले. नटाचा त्यात काडीचा दोष नव्हता. त्याला पात्र म्हणून दाखवण्यासारखे काहीच तयार नसताना माणूस म्हणून उभे केले गेले, आणि लोकांनी मग जे दिसले त्यावर बोट ठेवले.

त्यावरून काढण्यासारखे धोरण असे: नाव जाहीर करताना निवेदन छोटे असावे, आणि पहिले छायाचित्र पात्राच्या वेशात, कथेतल्या प्रकाशात काढलेले असावे. त्यानंतर चित्रीकरण संपेपर्यंत गप्प राहावे. विरोधकांना नटाने स्वतः उत्तर देऊ नये. निर्मात्यांनी मात्र त्याच्या पाठीशी जाहीरपणे उभे राहावे, जशा बॉण्डच्या निर्मात्या बार्बरा ब्रॉकोली उभ्या राहिल्या. कास्टिंगवरचा राग हा बहुतेक वेळा आधीच्या नटावरच्या प्रेमाचा असतो, आणि त्याचा अपमान करून काही साधत नाही.

जाहिरातदारांच्या वस्तू आणि निरनिराळ्या देशांतले परिनिरीक्षण यांचा विचार पटकथा पक्की होण्याआधी करावा. भारतात २०१५ मध्ये 'स्पेक्टर'मधल्या चुंबनांची लांबी कमी करायला लावली होती. अशा दृश्यातच कथेचा दुवा असेल तर तो येथल्या प्रेक्षकाच्या हातून निसटतो.

नववी पायरी: दुसऱ्या चित्रपटाची पटकथा

पहिल्या यशानंतर घाई होते आणि मालिका तेथेच ठेचकाळते. 'क्वांटम ऑफ सोलेस' हा दोन वर्षांतच आला. नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ या काळात हॉलिवूडमधल्या लेखकांचा संप होता आणि चित्रीकरण त्यातच सुरू झाले. दृश्ये सेटवर दिग्दर्शक आणि नट यांना मिळून रचावी लागल्याचे क्रेग यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. शिवाय तो आधीच्या कथेचा थेट पुढचा भाग होता, त्यामुळे तोकड्या पटकथेला आपल्या पायावर उभेही राहता येईना. पहिल्या चित्रपटाचे संकलन चालू असतानाच दुसऱ्याचा संपूर्ण खर्डा तयार हवा, आणि तो नसेल तर प्रदर्शनाची तारीख सोडून द्यावी. २०१२ चा 'स्कायफॉल' एमजीएमच्या दिवाळखोरीमुळे लांबला आणि चार वर्षांनी आला. त्या विलंबात पटकथेला सवड मिळाली आणि त्याने शंभर कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला.

दुसऱ्या खर्ड्यासोबतच आणखी एक निर्णय लेखी घ्यावा: या नटाचे चित्रपट एकमेकांना जोडलेले असणार की प्रत्येक मोहीम स्वतंत्र? दोन्ही मार्ग चांगले आहेत. जोडलेले हवे असतील तर शेवटच्या चित्रपटाचा शेवट दोन पानांत आत्ताच लिहून ठेवावा आणि प्रत्येक नव्या पटकथेच्या वेळी तो काढून वाचावा. स्वतंत्र हवे असतील तर मागच्या कथांतल्या खलनायकांना नंतर एका सूत्रात ओवायचे नाही, असे त्याच कागदावर नमूद करून त्यावर निर्माता, लेखक आणि दिग्दर्शक या तिघांच्या सह्या घ्याव्यात.